प्रिंटरची शाई: चिप मोजते, बघायचं आपण

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. छापताना थोडं आवरतं घेतलं आहे. ऐकणाऱ्या मैत्रिणींनी नंतर विचारलेले प्रश्न शेवटी दिले आहेत.)



मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो. त्यानंतर तीन-चार गटांतून फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच: "ताई, प्रिंटर घेतला, पण शाई परवडत नाही. मशीन कोपऱ्यात पडून आहे." म्हणून आज शाईबद्दलच बोलू. कार्ट्रिज म्हणजे काय, ते घरी कसं भरायचं, आणि भरल्यावरही मशीन "शाई नाही, शाई नाही" असं का म्हणत राहतं, हे सगळं सांगते. मी इंजिनिअर नाही. आमच्या गटाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं केंद्र आहे, ते मी सांभाळते. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं नुकसान सोसून शिकलेलं आहे.

आधी नुकसानीचंच सांगते. आमच्या गटानं अंतर्गत कर्ज काढून प्रिंटर घेतला. दहा जणींची बचत त्यात होती. पहिले दोन महिने बरे गेले. मग ऐन जूनमध्ये, शाळेच्या दाखल्यांची गर्दी असताना, दिवा लुकलुकायला लागला आणि स्क्रीनवर कार्ट्रिजचा संदेश आला. तालुक्याला नेलं. दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "यात काही राहिलं नाही, नवीन घ्या." आम्ही मशीन पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. बैठकीत दोघी म्हणाल्या, केंद्र बंद करा आणि आमचे पैसे द्या. त्यांचं चुकलं नव्हतं.

पुढे आयटीआयला जाणाऱ्या एका पोरीनं ते मशीन खाली काढलं. मशीनला काही झालेलं नव्हतं. कार्ट्रिजही चांगलं होतं. शाई संपत आली होती एवढंच, आणि संदेश कसा वाचायचा ते आम्हाला कळत नव्हतं. तिनं शाई भरून दिली, छपाई झाली. मी एवढी खूश झाले, की संदेशाकडे बघायचंच सोडून दिलं. चिप काहीही म्हणू दे, आपण छापत राहायचं. महिन्याभरात तेच कार्ट्रिज मी कोरडं पळवलं आणि जाळून टाकलं. ते खरोखरच गेलं, आणि ती चूक माझी होती.

या दोन्ही गोष्टींतून एकच शिकायचं आहे: चिपचं सगळं खरं मानायचं नाही, पण चिपचं काम कुणीतरी करायलाच हवं. ते कसं करायचं ते आता सांगते.

कार्ट्रिजच्या पोटात काय असतं

आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये दोन कार्ट्रिजं असतात, एक काळं आणि एक रंगीत. आत स्पंज असतो आणि त्या स्पंजात शाई मुरलेली असते. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन कप्पे असतात: निळा, गुलाबी आणि पिवळा. बाकीचे सगळे रंग या तिघांच्या मिश्रणातून होतात. लहान कार्ट्रिजमध्ये शाई किती? चहाचे एक-दोन चमचे. बाजारात भरायच्या शाईची बाटली मिळते ती बहुधा १०० मिलीलीटरची, म्हणजे वीस चमचे. महाग काय आहे ते इथेच लक्षात येतं.

कार्ट्रिजच्या तळाला चकचकीत पट्टी असते. तिला केसाहून बारीक भोकं असतात, त्यांतून शाईचे थेंब कागदावर पडतात. या भागाला हेड म्हणतात. एचपीच्या आणि कॅननच्या प्रिंटरमध्ये प्रत्येक भोकाजवळ एक इवलासा हीटर असतो. तो क्षणभर तापतो, शाईत बुडबुडा येतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. चहाचं आधण उकळताना बुडबुडे वर येतात, तसंच. एपसन आणि ब्रदरच्या प्रिंटरमध्ये उष्णता नसते. तिथे विजेनं वाकणारा एक बारीक स्फटिक शाईला धक्का देतो.

मी कार्ट्रिज जाळलं ते कसं, हे आता कळेल. हीटरला थंड ठेवायचं काम शाईच करते. शाई संपली तरी छापत राहिलं तर ते चुलीवर कोरडी कढई ठेवल्यासारखं होतं. हीटर जळतो, आणि मग कितीही शाई भरली तरी पानावर पांढऱ्या रेघाच येतात. म्हणून पहिला नियम: कार्ट्रिज पूर्ण कोरडं व्हायच्या आधी भरायचं.

चिप काय करते

आपण पिठाच्या डब्यात डोकावून बघतो आणि ठरवतो, दळण टाकायला हवं की नाही. आता समजा घरात एक जण अशी आहे, की ती डब्यात कधी बघतच नाही. ती फक्त भाकरी मोजते. "एका दळणात शंभर भाकरी होतात. शंभर झाल्या, पीठ संपलं." तुम्ही मधल्या वेळात दोन पायली दळून आणून डब्यात ओतलं, तरी ती म्हणणार, "संपलं."

बहुतेक प्रिंटरमध्ये शाईचा हिशेब असाच चालतो. किती थेंब उडवले हे प्रिंटर मोजतो आणि तेवढे एकूण शाईतून वजा करतो. कार्ट्रिजवरची चिप किंवा तांब्याच्या ठिपक्यांमागचं सर्किट प्रिंटरला सांगतं, मी अमुक कार्ट्रिज आहे. हिशेब त्या ओळखीला जोडलेला राहतो. आत शाई खरोखर किती आहे, हे कुणी बघत नाही. म्हणून भरलेलं कार्ट्रिज लावलं तरी "रिकामं" असंच येतं. ते मशीन बिघडल्याचं लक्षण नाही. जुना हिशेब पुसला गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चिपशिवाय छपाई होते का? २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपांचा तुटवडा होता. तेव्हा कॅनन कंपनीनं जर्मनीत आपल्या ऑफिसातल्या मोठ्या मशिनांची काही टोनर कार्ट्रिजं चिपशिवायच विकली. इशारा आला तर तो बाजूला सारून पुढे कसं जायचं, हेही कंपनीनंच ग्राहकांना कळवलं. छपाईच्या दर्जात फरक पडत नव्हता, फक्त किती टोनर उरलं ते नीट दिसत नव्हतं. चिपचं काम मोजणं आणि ओळखणं आहे, छापणं नाही, हे त्यावरून कळतं.

मग चिप नुसती अडवायलाच बसवली आहे का? तसंही नाही. शाई संपत आल्याचं वेळेवर कळलं तर हेड वाचतं. काही प्रिंटर थोडी शाई शिल्लक असतानाच थांबतात, कारण हेडमध्ये हवा शिरली तर ती काढणं अवघड असतं. पण कंपन्या चिपचा उपयोग दुसऱ्याची शाई अडवायलाही करतात, हेही खरं आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरच्या चिपची कार्ट्रिजं अचानक नाकारली. आदल्या दिवशी चालणारी कार्ट्रिजं दुसऱ्या दिवशी चालेनात. लोक चिडले, तेव्हा कंपनीला ती अडवणूक काढून टाकणारं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. यातून आपण एक लक्षात ठेवायचं: मूळ कार्ट्रिज, त्याच्या मूळ चिपसकट, आपणच पुन्हा भरलं तर अडचण कमी येते. दुसऱ्याच चिपचं स्वस्त कार्ट्रिज आणलं तर ते आज चालेल आणि उद्या नाकारलं जाईल, असं होऊ शकतं.

आपलं कार्ट्रिज कोणत्या जातीचं

शाई आणायला जाण्याआधी कार्ट्रिज बाहेर काढून बघा.

पाठीवर तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी आणि तळाला चकचकीत पट्टी असेल, तर हेड कार्ट्रिजमध्येच आहे. यात चूक झाली तर फार तर एक कार्ट्रिज जातं. शिकायला हे बरं.

चकचकीत पट्टी नाही, फक्त शाई बाहेर यायचं भोक आणि एक छोटी चिप आहे, तर हेड प्रिंटरमध्ये आहे. एपसनची साधी कार्ट्रिजं अशी असतात. इथे चुकीची शाई गेली तर पूर्ण प्रिंटरच अडकतो. यात जास्त जपायचं.

मग शाई. शाई दोन प्रकारची असते. एक डाय, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. दुसरी पिगमेंट, म्हणजे रंगाचे अगदी बारीक कण असलेली. डायवर पाणी पडलं की ती पसरते. पिगमेंट कागदावर धरून राहते. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. कॅननच्या काळ्या कार्ट्रिजच्या नावात पीजी ही अक्षरं असतात, ती पिगमेंटचीच खूण. दुकानात नुसतं "काळी शाई द्या" म्हणू नका. प्रिंटरचा आणि कार्ट्रिजचा नंबर कागदावर लिहून न्या आणि त्याच नंबरला चालणारी बाटली मागा. एका कंपनीची शाई दुसरीत ओतू नका.

यातही आम्हाला एक धडा मिळाला आहे. एकदा आम्ही काळ्या कार्ट्रिजमध्ये स्वस्त मिळाली म्हणून डाय शाई भरली. एका म्हातारीचा निराधार पेन्शनचा अर्ज त्यावर छापला. ती पावसात चालत तहसीलला गेली, पिशवी भिजली, अर्जावरचं नाव-गाव सगळं पसरलं. तिला परत पाठवलं. तिचा दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, आणि तारीख पुढे गेली. शाईत आमचे थोडे पैसे वाचले होते, त्याची किंमत तिनं भरली. तेव्हापासून आम्ही नवी बाटली आणली की आधी एक पान छापतो, वाळू देतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकून बोटानं पुसून बघतो. पसरली तर ती शाई सरकारी कागदाला वापरत नाही.

भरायची रीत

ही रीत हेड असलेल्या कार्ट्रिजची आहे. सामान असं लागतं: शाई, प्रत्येक रंगाला वेगळी नवी सिरिंज, हातमोजे, रद्दी, टिश्यू किंवा धागे न सुटणारं जुनं सुती कापड, टाचणी किंवा बारीक दाभण, आणि चिकटपट्टी. जुनी साडी नेसून बसा. हा डाग धुऊन जात नाही.

एक. जमिनीवर रद्दीचे चार-पाच थर अंथरा. लहान मुलं जवळ नकोत.

दोन. कार्ट्रिज काढा. तळाच्या चकचकीत पट्टीला आणि तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा तिथे बसला की "कार्ट्रिज ओळखता येत नाही" असा संदेश येतो.

तीन. वरचं लेबल हळूच सोडवा. फेकू नका. खाली भोकं दिसतील. फार बारीक असतील तर दाभणानं सुई जाईल एवढं मोठं करा.

चार. रंगीत कार्ट्रिज असेल तर कोणत्या भोकाखाली कोणता रंग आहे ते अंदाजानं ठरवू नका. सगळ्या कार्ट्रिजांची रचना सारखी नसते. प्रत्येक भोकात दात कोरायची नवी काडी घाला आणि टोकाला लागलेला रंग बघा. एकदा रंग मिसळला की मागे फिरता येत नाही.

पाच. सिरिंजमध्ये थोडी शाई घ्या. सुई स्पंजात खाली न्या, अगदी तळाला टेकवू नका, आणि शाई हळूहळू सोडा. एक मिलीलीटर सोडायला अर्धा मिनिट तरी घ्या. कोरड्या मातीच्या कुंडीला पाणी घालताना एकदम ओतलं तर बाजूनं वाहून जातं, इथेही तसंच. भोकाशी शाई दिसली की थांबा आणि जराशी मागे ओढून घ्या. अति भरलेलं कार्ट्रिज गळतं आणि गळलेली शाई प्रिंटरच्या पोटात जाते.

सहा. वरचा भाग पुसून लेबल परत लावा. हवा जायला थोडी वाट राहू द्या. भोकं घट्ट बंद केली तर शाई खाली उतरत नाही. बाटलीला भोक न पाडता टाकी उलटी केली तर पाणी अडखळतं, तसंच.

सात. टिश्यूची घडी करून किंचित ओली करा. कार्ट्रिजचा तळ त्यावर अलगद टेकवा, घासू नका. काळ्याची एक सरळ रेघ उमटली पाहिजे. रंगीताच्या तीन रेघा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. मधे तुटल्या तर थोडा वेळ थांबून पुन्हा टेकवा.

आठ. दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग लावा. छपाईत रेघा आल्या तर हेड क्लीनिंग एकदा करा, फार तर दोनदा. प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. आणि ती जाते कुठे? प्रिंटरच्या तळाशी एक शोषून घेणारी गादी असते, तिच्यात. सफाई करत सुटलं तर ती गादी लवकर भरते.

आता संदेशाचं

एचपीच्या साध्या डेस्कजेटवर भरल्यानंतर शाईचा दिवा पेटलेलाच राहू शकतो आणि कॉम्प्युटरवर "वापरलेलं किंवा भरलेलं कार्ट्रिज" असा संदेश येतो. घाबरू नका. वाचा आणि ओके किंवा पुढे जा यावर क्लिक करा. छपाई होते. पण सेटिंगमध्ये कार्ट्रिज प्रोटेक्शन नावाची सोय असते, ती बंद आहे ना ते पाहा. ती चालू असेल तर कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरला बांधलं जातं आणि दुसऱ्यात कधीच चालत नाही. दुसऱ्या गटाकडून रिकामं कार्ट्रिज आणून भरायचा विचार असेल तर हे आधी विचारा.

कॅननच्या बऱ्याच छोट्या प्रिंटरवर ई १३ किंवा ई १६ असं दिसतं. पहिल्याचा अर्थ शाई संपली असावी, दुसऱ्याचा अर्थ शाई संपली. शाई भरलेली आहे याची तुमची खात्री असेल तर स्टॉपचं बटण किमान पाच सेकंद दाबून धरा. त्या कार्ट्रिजपुरती शाई मोजायची सोय बंद होते आणि छपाई सुरू होते. ही युक्ती कंपनीच्याच माहितीपुस्तकात दिलेली आहे. पण सोय बंद झाली म्हणजे पुढे मशीन तुम्हाला सावध करणार नाही, हे लक्षात ठेवा.

एपसनच्या चिपवाल्या कार्ट्रिजांचं वेगळं आहे. चिपचा हिशेब शून्यावर आला की प्रिंटर थांबतो. एक रंग संपला तरी काळं छापत नाही, असंही होतं. तिथे रिसेटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. त्याच्या बारीक पिना चिपवर टेकवून धरायच्या, दिवा बदलला की हिशेब पुन्हा भरलेला होतो. रिसेटर त्याच चिपसाठी आहे ना ते बघून घ्या. दुसरा उपाय म्हणजे पुन्हा भरता येणारी, आपोआप हिशेब बदलणाऱ्या चिपची कार्ट्रिजं. दोन्हींत एकच पथ्य आहे: आधी शाई भरायची, मग हिशेब पुसायचा. उलट केलं तर मशीन भरलेलं समजून कोरडं चालतं.

चिपचं काम वजनकाट्याला द्या

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. मोजणारी चिप गप्प केली, तर मोजायचं कुणी? आम्ही छोटा डिजिटल वजनकाटा घेतला. सोनाराकडे असतो तसा, खिशात मावणारा. एक मिलीलीटर शाईचं वजन जवळजवळ एक ग्रॅम भरतं, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

नवं कार्ट्रिज आणलं की टेप काढून लगेच वजन करायचं आणि वहीत लिहायचं. छपाई जराशी फिकी पडली की त्याच क्षणी थांबून पुन्हा वजन करायचं. समजा नवं ३६ ग्रॅम होतं आणि आता ३० आहे, तर त्यात सहा ग्रॅम शाई होती. पुढच्या वेळी ३२ झालं की भरायचं, ३० पर्यंत जाऊ द्यायचं नाही. भरताना ३६ च्या वर जायचं नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या कार्ट्रिजचे तुम्ही काढा. आमच्याकडे दर सोमवारी वजन होतं आणि वहीत त्याचा एक रकाना आहे. तेव्हापासून एकही कार्ट्रिज जळलेलं नाही.

परवडतं का?

हिशेब मांडू. समजा कार्ट्रिज ८०० रुपयांना आणि त्यात २०० पानं होतात. शाईचाच खर्च पानाला चार रुपये. आता तेच कार्ट्रिज पाच वेळा भरलं. शाईची १०० मिलीलीटरची बाटली ३०० ला धरली आणि एका वेळी ५ मिलीलीटर लागली, तर पाच वेळची शाई ७५ रुपयांची. वाया गेलेली पानं, सिरिंज, हातमोजे यांचे १२५ धरा. एकूण १००० रुपयांत १२०० पानं. पानाला ८५ पैशांच्या आत. कागद वेगळा.

पण कार्ट्रिज अमर नाही. हेड झिजतं. आमच्याकडे एक कार्ट्रिज साधारण चार-पाच वेळा भरून होतं, मग रेघा यायला लागतात. तेव्हा नवं घ्यायचं. जुनं उकिरड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो. तालुक्याला ई-कचरा घेणारं केंद्र असेल तर साठवून एकदम द्या.

नवीन मशीन घेणार असाल तर

रोज पन्नास-शंभर पानं छापायची असतील तर कार्ट्रिजचा प्रिंटर घेऊच नका, शाईच्या टाकीचा घ्या. त्याचा जन्म आपल्यासारख्यांच्या जुगाडातूनच झाला. आशियातल्या कितीतरी देशांत दुकानदार प्रिंटरच्या बाहेर बाटल्या बांधून नळ्यांनी शाई आत सोडायचे. ते बघून एपसननं २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी लावलेला प्रिंटर आणला. मग इतर कंपन्यांनीही आणले. यात टाकीतली शाई डोळ्यांनी दिसते, बाटलीनं भरता येते. घेताना महाग पडतो, छापताना स्वस्त. पण त्यातही सफाईची शाई शोषणारी गादी असते. तिचाही एक मोजणारा हिशेब असतो आणि तो भरला की मशीन थांबतं. तेव्हा गादी बदलायची किंवा धुऊन वाळवायची असते. नुसता हिशेब पुसला तर शाई टेबलावर येते.

आणि महिन्यात चार पानंच छापणार असाल तर शाईचा प्रिंटर वाळून जातो. कोणताही असो, आठवड्यातून एक रंगीत पान छापायचंच. ते जमणार नसेल तर पावडरचा लेसर प्रिंटर बरा, त्यात वाळायला काही नसतं.

ऐकणाऱ्या मैत्रिणींचे प्रश्न

*शाई भरली तर वॉरंटी जाते का?*

वॉरंटीचं कार्ड वाचा. साधारणपणे बाहेरच्या शाईमुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देत नाही. मशीन नवं असेपर्यंत आणि हेड प्रिंटरमध्ये असेल तर घाई करू नका.

*आम्ही भरलेली कार्ट्रिजं विकली तर चालेल?*

आपण विकत घेतलेली वस्तू आपण पुन्हा भरून वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण भरलेलं कार्ट्रिज कंपनीच्या खोक्यात घालून नवं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. "भरलेलं आहे" असं स्वच्छ लिहा आणि तसा दर लावा.

*मशीन अपडेट मागतं. करायचं का?*

छपाई नीट चालू असेल तर आपोआप होणारं अपडेट सेटिंगमध्ये बंद ठेवा. बाहेरच्या चिपची कार्ट्रिजं वापरत असाल तर नक्कीच. अपडेटनंतर ती नाकारली जाऊ शकतात.

*शाईत पाणी घालून वाढवली तर? पेनाची शाई चालेल?*

दोन्ही नको. पाण्यानं अक्षर फिकं पडतं आणि हेडमध्ये क्षार बसतात. पेनाची शाई या भोकांसाठी केलेलीच नसते.

*दवाखान्यातली सिरिंज वापरली तर?*

वापरलेली कधीच नाही. नवी आणा. काम झालं की सुई जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत बंद करून ठेवा, कचऱ्यात उघडी टाकू नका. शाईच्या बाटल्या सरबताच्या किंवा औषधाच्या बाटल्यांजवळ ठेवू नका. डोळ्यात उडाली तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एवढंच. ज्या दोघी पैसे परत मागत होत्या, त्यांतली एक आता आमच्याकडे दर सोमवारी वजन करून वहीत लिहिते. ती म्हणते, मशीन काय सांगतं ते नंतर, आधी काटा काय सांगतो ते बघू. तुमच्या गटाचं मशीन माळ्यावर असेल तर या आठवड्यात खाली काढा. कार्ट्रिज हातात घेऊन नीट बघा, नंबर लिहून घ्या आणि वजन करा. नवीन घ्यायचं की भरायचं, ते त्यानंतर ठरवा.